लिहिण्याच्या यंत्राने काय लक्षात ठेवावे?

वर्गातल्या फळ्याच्या एका कोपऱ्यात खडूची चौकट आखून तिच्यात 'पुसू नये' असे लिहिलेले आपण सर्वांनीच पाहिले असेल. अर्धवट राहिलेले गणित गुरुजींनी उद्यासाठी राखून ठेवलेले असते. बाकीचा फळा रोज पुसावयाचा आणि तेवढी चौकट मात्र राखावयाची, हा हुकूम वर्गातले लहान मूलही पाळते. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो याच जातीचा आहे. संगणकावर नुसता मजकूर लिहिण्याचे जे साधन असते, ज्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात, ते सकाळी उघडले की त्याने आपल्यापुढे कोरा फळा धरावा, की कालची चौकट तशीच दाखवावी? आणि हे ठरवावयाचे कोणी? यंत्राने, की आपण?

प्रश्न दिसतो लहान. पण त्याच्यापायी कोणाची दोन दिवसांची मेहनत वाहून जाते, तर कोणाची परीक्षेची प्रश्नपत्रिका परीक्षेआधीच फुटते. म्हणून जरा निवांतपणे पाहू.

टेक्स्ट एडिटर म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. पत्र सजवून, अक्षरे ठळक करून, तक्ते आखून छापण्यासाठी जो 'वर्ड' नावाचा कार्यक्रम आपण वापरतो, तो निराळा. टेक्स्ट एडिटरला सजावटीशी कर्तव्य नाही. अक्षरे, अंक आणि ओळी एवढेच तो जाणतो. विद्यार्थ्यांच्या नावांची यादी करावयाची आहे, प्रश्नांचा कच्चा खर्डा लिहावयाचा आहे, संगणकाच्या तासाला मुलांना वेबपान तयार करून दाखवावयाचे आहे, अशा कामांना तो फार सोयीचा. विंडोजबरोबर येणारे 'नोटपॅड' हे त्याचे सर्वांत ओळखीचे रूप. डॉन हो या गृहस्थांनी २००३ साली प्रसिद्ध केलेले 'नोटपॅड प्लस प्लस' हे दुसरे. ते फुकट मिळते, हलके असते आणि जुन्या संगणकावरही मुकाट्याने चालते, म्हणून पुष्कळ शाळांत आणि दुकानांत ते दिसते.

हा एडिटर उठतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी वाचतो. त्या एकच आहेत असे समजल्यामुळे बहुतेक घोटाळे होतात. पहिली गोष्ट म्हणजे नियम. अक्षर केवढे दाखवावयाचे, नवे पान कोणत्या पद्धतीने लिहावयाचे, ओळींना आकडे घालावयाचे की नाही, हे सारे एका लहानशा फायलीत लिहून ठेवलेले असते आणि उघडताक्षणी एडिटर ती वाचतो. दुसरी गोष्ट म्हणजे आठवण. काल कोणकोणती पाने उघडी होती, कोणत्या ओळीवर तुम्ही थांबला होतात, कोणते लिखाण अजून सेव्ह केलेले नव्हते, ही ती आठवण. तिला 'सेशन' म्हणतात. मराठीत आपण तिला बैठक म्हणू. नियम म्हणजे शाळेचे वेळापत्रक. बैठक म्हणजे त्या फळ्यावरची चौकट. वेळापत्रक वर्षभर राहते, चौकट एकदोन दिवसांची. वेळापत्रक सर्वांनी पाहावे म्हणून भिंतीवर लावतात; चौकटीत काय आहे ते मात्र दर वेळी सर्वांनी पाहावे असेच असते असे नाही.

ही दोन्ही कल्पना आली कोठून? नियमांची फाईल फार जुनी आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६० नंतरच्या वर्षांत अनेक माणसांनी एकाच वेळी वापरावयाचा एक मोठा संगणक होता. त्यावर पुनःपुन्हा द्यावयाचे हुकूम एका फायलीत लिहून ठेवावयाचे आणि एकदम चालवावयाचे, अशी सोय लुई पूझाँ या फ्रेंच तज्ज्ञाने केली व तिला 'रनकॉम' असे नाव पडले. 'रन कमांड्स', म्हणजे 'हुकूम चालवा', याचा तो संक्षेप. पुढे युनिक्स पद्धतीच्या यंत्रांत नियमांच्या फायलींच्या नावाच्या शेवटी 'आरसी' ही दोन अक्षरे जोडण्याचा जो प्रघात पडला, तो या रनकॉमवरून. आजही 'व्हिम' नावाच्या एडिटरच्या नियमांच्या फायलीला 'व्हिमआरसी' म्हणतात. साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राची ही खूण आजच्या संगणकात जिवंत आहे. आपल्याकडे गावे बदलली तरी शिवेवरच्या दगडाचे नाव तेच राहते ना, तसेच हे.

लिहिता लिहिता गेलेले लिखाण परत मिळावे, या सोयीची जन्मकथा तर खेड्यातल्या श्रोत्यांना लगेच पटेल अशी आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील विद्यापीठात बिल जॉय नावाच्या तरुणाने १९७६ च्या सुमारास 'व्हीआय' हा एडिटर लिहिला. तेव्हा संगणक असे विद्यापीठात आणि लिहिणारा कित्येकदा आपल्या घरी, आणि दोघांना जोडणारी वाट म्हणजे टेलिफोनची तार. जॉय स्वतः ज्या जोडणीवर काम करीत, तिच्यातून सेकंदाला तीसेक अक्षरेच सरकत असत. ही तार मध्येच तुटे. तुटली म्हणजे लिहिलेले सगळे गेले! म्हणून अशी व्यवस्था करण्यात आली की, तार तुटताच एडिटरने हातातला मजकूर बाजूला राखून ठेवावा आणि लिहिणाऱ्याला संगणकातूनच एक पत्र पाठवावे, की बाबा रे, तुझे लिखाण अमुक ठिकाणी सुखरूप आहे, अमुक हुकूम दिलास की परत मिळेल. आपल्याकडे तार तुटण्याऐवजी लाइट जाते, एवढाच काय तो फरक.

व्हीआयचा वारस म्हणजे आत्ता ज्याचे नाव घेतले तो व्हिम. ब्रॅम मोलेनार या डच गृहस्थांनी तो १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्याचे काम पाहत होते. ते त्याचे पैसे घेत नसत. वापरणाऱ्याला काही द्यावेसे वाटले तर त्याने युगांडातल्या गरीब मुलांसाठी द्यावे, अशी विनंती मात्र त्यात लिहिलेली असे. असो. व्हिमची पद्धत अशी की, तुम्ही फाईल उघडली की तो तिच्याशेजारी एक जोडफाईल तयार करतो. तुमची दोनशे अक्षरे टाइप झाली, किंवा तुम्ही चार सेकंद थांबलात, की तोवरचा मजकूर तो त्या जोडफायलीत उतरवून ठेवतो. तुम्ही नीट काम आटोपून बाहेर पडलात तर तो ती पुसून टाकतो. ती शिल्लक राहिलेली दिसली, तर पुढच्या वेळी तो जागच्या जागी थांबतो आणि विचारतो: मागच्या खेपेला काही विपरीत घडले होते, किंवा दुसऱ्या कोणी हीच फाईल उघडून ठेवली आहे, काय करू? मला ही रीत फार आवडते. यंत्र आपल्या मनाने काही करीत नाही, पण तोंड बंद ठेवूनही बसत नाही.

मात्र कालची सगळी पाने जशीच्या तशी मांडून ठेवण्याचे काम व्हिम आपण होऊन करीत नाही. त्यासाठी त्याला तसा स्पष्ट हुकूम द्यावा लागतो. 'आजची बैठक लिहून ठेव' म्हटले तर ठेवील, नाही तर नाही. याच्या उलट आपले जुने नोटपॅड. त्याला कशाचीच आठवण नसे. लाइट गेली की लिखाण गेले, विषय संपला. आणि या दोहोंहून निराळे नोटपॅड प्लस प्लस. ते न सांगताच सगळे लक्षात ठेवते. विंडोज ११ मधले नोटपॅडही २०२३ पासून याच वळणावर गेले आहे. बंद करून पुन्हा उघडले तर कालची पाने, न सेव्ह केलेलीसुद्धा, समोर हजर होतात. पुष्कळांच्या हे ध्यानातही आलेले नाही. 'नोटपॅड बंद केले म्हणजे गेले' ही जुनी समजूत धरूनच ते चालले आहेत.

आता नोटपॅड प्लस प्लस ही आठवण कशी ठेवते ते पाहू, कारण आपल्या कामाचा भाग हाच आहे. त्याच्या वरच्या पट्टीवर 'सेटिंग्ज' असे आहे. त्यात 'प्रेफरन्सेस', आणि तेथे डावीकडच्या यादीत 'बॅकअप'. हे पान उघडले की दोन चौकोन दिसतात, दोहोंत मुळातच बरोबरची खूण केलेली असते. पहिल्याचा अर्थ: चालू बैठक पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेव. दुसऱ्याचा अर्थ: ठरावीक वेळाने न सेव्ह केलेल्या मजकुराची कच्ची नक्कल करून ठेव. ही वेळ मुळात सात सेकंदांची असते. म्हणजे तुम्ही लिहीत आहात, सेव्ह केलेले नाही आणि लाइट गेली, तर फार तर शेवटच्या काही सेकंदांचे टंकन जाईल. बाकीचे संगणक पुन्हा चालू केल्यावर समोर येईल. ज्या गावात दिवसातून दोनदा लाइट जाते आणि शाळेत इन्व्हर्टर नाही, तेथे ही सोय लाखमोलाची आहे, यात शंका नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. वाण्याच्या दुकानात दोन वह्या असतात. गल्ल्याशेजारी असते ती कच्ची वही. गिऱ्हाईक उभे असताना घाईघाईने तिच्यात खरडतात. रात्री तीच रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर चढते. कच्च्या वहीत लिहिले म्हणजे खाते झाले असे कोणताही शहाणा वाणी मानीत नाही. सात सेकंदांची नक्कल ही कच्ची वही आहे आणि आपण स्वतः नाव देऊन सेव्ह केलेली फाईल ही खतावणी. नोटपॅड प्लस प्लस इतके बिनबोभाट सांभाळून घेते की माणसाला खतावणी लिहिण्याचा कंटाळा येऊ लागतो. वरच्या बाजूला 'न्यू १', 'न्यू २', 'न्यू ३' अशा नावांची पाने साठत जातात, ती पंचवीस-तीस होतात, त्यांत कोठे पालकांचे फोन नंबर असतात, कोठे स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम, कोठे अर्धा निबंध. कार्यक्रम बंद करताना तो काही विचारीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सारे लक्षात आहेच.

मग एखाद्या दिवशी काय होते? संगणक मंद झाला म्हणून दुरुस्तीवाला येतो. तो विचारतो, 'गुरुजी, महत्त्वाच्या फायली कुठे आहेत?' गुरुजी सांगतात, 'डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये.' तो तेवढ्या काढून घेतो, बाकीचे साफ करतो आणि विंडोज नव्याने घालून देतो. न सेव्ह केलेली ती तीस पाने मात्र डेस्कटॉपवर कधी नव्हतीच! ती होती वापरणाऱ्याच्या खात्यातल्या एका झाकलेल्या कप्प्यात, 'ॲपडेटा' नावाच्या. त्या कप्प्यात नोटपॅड प्लस प्लसचे घर आहे आणि त्याच्यात 'बॅकअप' नावाची खोली. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकबाईंचे पाचवीच्या वर्गासाठी जमविलेले दीडशे शब्दकोड्यांचे लिखाण असेच गेले. दुरुस्तीवाल्याची चूक म्हणता येत नाही. त्याला सांगितले तेवढे त्याने केले. आणि बाईंची तरी कशी म्हणावी? रोज सकाळी पाने समोर दिसत होती. ती सेव्ह झालेलीच आहेत असे कोणालाही वाटले असते.

आणखी एक. कच्ची नक्कल लिहिली जात असतानाच नेमकी लाइट गेली, तर ती नक्कलही बिघडू शकते. फाईल उघडते, पण अक्षरांच्या जागी निरर्थक खुणा असतात. असे रोज होत नाही. पण ज्या लिखाणाला दोन दिवस लागले आहेत ते अशा भरवशावर ठेवू नये. कंट्रोलची कळ दाबून धरून 'एस'ची कळ दाबली की खतावणी लिहिली जाते. त्याला एक सेकंदही लागत नाही. पेन ड्राइव्हवरची फाईल उघडून काम करणाऱ्यांनी तर हेही ध्यानात ठेवावे की, बैठकीच्या यादीत त्या फायलीचे नाव आणि तिची वाट एवढेच लिहिलेले असते. पेन ड्राइव्ह खिशात घालून तुम्ही घरी गेलात, तर शाळेतल्या संगणकाला नुसते नाव घेऊन काय करता येणार? पत्ता आहे, पण घराला कुलूप.

आता प्रश्नपत्रिकेकडे वळू. हा भाग माझ्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावा अशी विनंती आहे.

खेड्यातल्या शाळेत एक संगणक असतो, फार तर दोन. तोच मुख्याध्यापक वापरतात, तोच लिपिक वापरतो, तोच वर्गशिक्षक वापरतात आणि दुपारी संगणकाच्या तासाला त्याच्याच भोवती मुले उभी असतात. सर्वांचे विंडोजचे खाते एकच, पासवर्ड भिंतीवर लिहिलेला. अशा संगणकावर सकाळी साडेदहा वाजता शिक्षकांनी नववीच्या भूगोलाची प्रश्नपत्रिका टाइप केली, पेन ड्राइव्हवर घेतली, छपाईला नेली. पण खर्ड्याचे एक पान 'न्यू ४' या नावाने उघडेच राहिले. शिक्षकांनी कार्यक्रम बंद केला; त्याने काही विचारले नाही. दुपारी मुलांनी तोच कार्यक्रम उघडला, आणि समोर प्रश्न पहिला, गुण पाच! येथे कोणी चोरी केली नाही, कोणी कुलूप फोडले नाही. यंत्राने आपले काम चोख बजावले. 'पुसू नये' हीच त्याला मुळातली शिकवण आहे, आणि ती बदलण्यास त्याला कोणी सांगितले नव्हते.

यावर खरा उपाय एकच: प्रत्येकाचे विंडोजचे खाते निराळे करावे. शिक्षकांचे एक, कार्यालयाचे एक, विद्यार्थ्यांचे एक, आणि मोठ्यांच्या खात्यांचे पासवर्ड भिंतीवर नव्हेत, डोक्यात. मग बॅकअपची खोलीही प्रत्येकाची वेगळी होते. संगणक एकच असला तरी एका खात्याची बैठक दुसऱ्या खात्यात उघडत नाही. मुलांच्या खात्याला व्यवस्थापकाचे अधिकार मात्र देऊ नयेत. दिले तर ते दुसऱ्यांच्या कप्प्यांत डोकावू शकतात. हे काम एकदा अर्धा तास बसून करावे लागते. मी म्हणेन की शाळेने हे आधी करावे आणि बाकीच्या गोष्टी मग.

ते होईपर्यंत, किंवा काही कारणाने होत नसेल तर, सामाईक संगणकावरची आठवण बंद करावी. क्रम महत्त्वाचा आहे. आधी उघडी असलेली सगळी पाने एकेक करून पाहावीत. हवे ते योग्य नाव देऊन पेन ड्राइव्हवर किंवा आपल्या कप्प्यात सेव्ह करावे, नको ते पान मिटवावे. सबंध कार्यक्रम बंद करताना तो विचारीत नसला, तरी एकेक पान मिटवताना तो 'सेव्ह करू का?' असे जरूर विचारतो. तेथे 'नाही' म्हटले की ते लिखाण कायमचे गेले. तेव्हा हात आवरून उत्तर द्यावे. सगळी पाने अशी निकालात निघाली की मग बॅकअपच्या पानावरच्या त्या दोन्ही खुणा काढाव्यात. यानंतर एडिटर रोज कोरा उघडेल आणि बंद करताना न सेव्ह केलेल्या पानाबद्दल विचारील.

तरीही एक फट राहते. 'फाईल' या शब्दावर टिचकी मारली की खाली अलीकडे उघडलेल्या फायलींची नावे दिसतात, मुळात दहापर्यंत. मजकूर दिसला नाही तरी 'नववी भूगोल सहामाही' हे नाव आणि ती कोठे ठेवली आहे ते तर दिसतेच. चौकस मुलाला तेवढे पुरते. प्रेफरन्सेसमध्येच अलीकडच्या फायलींच्या यादीचे पान आहे, तेथे दहाच्या जागी शून्य करावे. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये उजवीकडे वरच्या कोपऱ्यात दातेरी चाकाची खूण आहे; ती दाबली की कार्यक्रम उघडताना मागचे चालू ठेवावयाचे की नवे सुरू करावयाचे, हा पर्याय सापडतो. सामाईक संगणकावर तेथेही नवे सुरू करण्याचीच निवड करावी.

कोणी म्हणेल, 'मग लाइट गेल्यावर काय?' प्रश्न रास्त आहे. आठवण बंद केली की कच्ची वहीही गेली. दोन्ही फायदे एकाच खात्यात मिळणार नाहीत. घरी आपला स्वतःचा संगणक असेल तर दोन्ही खुणा खुशाल ठेवाव्यात, ठेवाव्यातच. शाळेच्या सामाईक खात्यावर माझे मत स्पष्ट आहे: थोडे लिखाण पुन्हा टाइप करावे लागले तर हरकत नाही, पण प्रश्नपत्रिका कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये. दर परिच्छेदाला सेव्ह करण्याची सवय लावली की नुकसानही फारसे होत नाही.

नियमांच्या बाजूला मराठी लिहिणाऱ्यासाठी एकच गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे. बाकीची, म्हणजे रंग, अक्षराचा आकार वगैरे, ज्याने त्याने आपल्या डोळ्यांना विचारून ठरवावी. ती गोष्ट म्हणजे नवे पान कोणत्या संकेतात लिहावयाचे. संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात ठेवतो. जुन्या पद्धतीच्या संकेतात, ज्याला 'अँसी' म्हणतात, देवनागरीला जागाच नव्हती. तुम्ही युनिकोडमध्ये सुंदर मराठी लिहिलेत आणि फाईल अँसीमध्ये सेव्ह केलीत, तर प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह उमटते, आणि ते पुन्हा अक्षर होत नाही. पूर्वी नोटपॅड मुळातच अँसीमध्ये सेव्ह करावयास निघत असे. २०१९ च्या विंडोज १० पासून ते 'यूटीएफ-८' या संकेताकडे वळले आहे, आणि त्यात जगातल्या बहुतेक सगळ्या लिप्या मावतात. तेव्हा ज्या शाळेत अजून त्याआधीचे विंडोज आहे, तेथे सेव्ह करताना खालच्या 'एन्कोडिंग'च्या चौकटीत यूटीएफ-८ निवडावे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये प्रेफरन्सेसच्या 'न्यू डॉक्युमेंट' या पानावर हे एकदाच ठरवून टाकता येते. मग रोज उठल्यावर तो नवे पान मराठीला योग्य असेच पुढे करतो.

नियमांविषयी एक सावधगिरीची सूचना जाता जाता देतो. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना ती उपयोगी पडेल. जुना व्हीआय ज्या कप्प्यात उभा असेल, तेथे नियमांची फाईल सापडली तर तीही वाचत असे. म्हणजे दुसऱ्याने आपल्या कप्प्यात काही खोडसाळ हुकूम लिहून ठेवावेत आणि आपण तेथे जाऊन एडिटर उघडताच ते पाळले जावेत, असे होऊ शकत होते. म्हणून व्हिममध्ये ही रीत मुळात बंद ठेवली आहे. तरी २०१९ साली व्हिममध्येच असे एक छिद्र सापडले, की साध्या मजकुराच्या फायलीत विशिष्ट ओळ लिहून पाठविली तर ती नुसती उघडल्यानेच पाठवणाऱ्याचे हुकूम चालत. ते लगेच बुजविण्यात आले. फाईल वाचणे आणि फायलीचे ऐकणे यांत अंतर असले पाहिजे, हे त्यावरून पुष्कळांच्या ध्यानात आले.

हे सगळे केल्यावर ते खरोखर झाले आहे की नाही, याची परीक्षा घ्यावी. घरच्या संगणकावर नवे पान उघडून चार ओळी लिहा, सेव्ह करू नका, दहापर्यंत सावकाश मोजा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की चालू कार्यक्रमांची यादी येते. तीत नोटपॅड प्लस प्लसवर बोट ठेवून तो जबरीने बंद करा. पुन्हा उघडल्यावर चारही ओळी दिसल्या तर कच्ची वही चालू आहे. शाळेच्या संगणकावर याच्या उलट पाहावे: चार ओळी लिहून कार्यक्रम नेहमीप्रमाणे बंद करावा. त्याने 'सेव्ह करू का?' असे विचारले, 'नाही' म्हटल्यावर तो मिटला आणि पुन्हा उघडल्यावर पान कोरे आले, तर ठीक. न विचारताच मिटला, तर दोन खुणांपैकी एखादी काढावयाची राहून गेली आहे.

आणि दुरुस्तीवाला येणार असेल, तर त्याच्या हाती संगणक देण्यापूर्वी विंडोजच्या खुणेची कळ आणि 'आर' ही कळ एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत टक्क्याचे चिन्ह, इंग्रजी 'ॲपडेटा' हा शब्द आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह टाइप करा, व एंटर दाबा. समोर आलेल्या कप्प्यांत नोटपॅड प्लस प्लसचा कप्पा असेल. तो सबंध उचलून पेन ड्राइव्हवर घ्यावा. नियमांची फाईल, बैठकीची यादी आणि बॅकअपची खोली, तिन्ही त्यातच असतात.